कोंडीरामच्या कानाशी

मी स्क्रू ड्रायव्हर बोलतोय. हातभर लांब, लाकडी मुठीचा. पण स्क्रू फिरवायचं काम माझ्या वाट्याला फारसं आलं नाही. माझा जन्म गेला ऐकण्यात.

पिंपरीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी खिळ्याला लटकत होतो. कोंडीराम फिटरने मला उचललं, गल्ल्यावरच्या टेबलफॅनच्या मोटरला माझं टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली. "ह्यो चांगला बोलतोय," म्हणाला आणि घेऊन निघाला.

तेव्हापासून चाकणच्या कारखान्यात रोज पहिल्या शिफ्टला आमची फेरी. चालत्या मशीनच्या बेअरिंगवर माझं टोक, मूठ त्याच्या कानाशी. पोलादातून आवाज सरळ चढतो. बेअरिंग धडधाकट असेल तर एकसुरी घूं, ग्रीस आटलं की चिरचिर, आतल्या गोळ्या झिजल्या की खरखर. ऐकून तो सांगायचा, "आठ दिस जाईल," नाहीतर "आत्ताच खोला." त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

खोड एकच. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, ते याच्या खिशातच. "बोळं घातल्यावर मशीन काय म्हनतंय ते कळायचं कसं?" पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या दणदणाटात एकोणतीस वर्षं उघडे कान! आधी उजवा गेला. त्याने मला गुपचूप डाव्या कानाला लावायला सुरुवात केली. हे फक्त मला माहीत होतं, आणि मी सांगणार कुणाला?

मागच्या महिन्यात पेंट शॉपच्या मोठ्या ब्लोअरपाशी आम्रपालीने आम्हाला बोलावलं. ती आयटीआय करून आलेली, मेंटेनन्समध्ये तिचं हे तिसरं वर्ष. टोक टेकताच माझ्या अंगातून खरखर उठली. मी जीव तोडून ओरडत होतो. कोंडीराम म्हणाला, "ठीक हाय. चालू द्या."

आम्रपालीने बेअरिंगवर तळहात ठेवला. "काका, गरम लागतंय हो."

"आता तू शिकवनार व्हय मला?"

तिने हात मागे घेतला. चार माणसांत थोरल्याचा शब्द कसा खोडायचा? शेजारी सहा जण काम करत होते. बेअरिंग अडकलं असतं, तर आतला पंखा पत्रा फोडून त्यांच्या अंगावर आला असता. मला कोंडीरामचा रागही आला आणि कीवही.

चहाच्या सुट्टीत तो ग्लास तसाच ठेवून परत आला. मला तिच्या हातात दिलं. "तू ऐक, पोरी. मला काय बी ऐकू येत न्हाई."

तिने मूठ कानाला लावली आणि लगेच धावत जाऊन लाल बटण दाबलं.

बेअरिंग खोललं तर गोळ्यांना खड्डे पडलेले. साहेबांनी विचारलं, "कोणी पकडलं?"

"आम्रपालीनं," कोंडीराम म्हणाला. "म्या ठीक हाय म्हनून सांगितलं हुतं, साहेब. मला आता ऐकू येत न्हाई."

एवढं बोलायला त्याला जेवढं बळ लागलं, तेवढं गंजलेला नट सोडवतानाही कधी लागलं नसेल.

आता तो स्टोअरला आहे आणि मी आम्रपालीकडे. ती दोन्ही कानांत बोळे घालते, मला लावायचं तेव्हा एकच काढते. सुट्टीत तो स्टोअरच्या खिडकीत वाट बघत असतो. "काय म्हनत्यात मशिनी?" ती मोठ्यांदा सांगते. तो मान हलवतो, माझी मूठ अंगठ्याने चोळतो.

एवढंच मागणं आहे, बोळे खिशात ठेवू नका. बेअरिंग गेलं तर स्टोअरमधून नवं मिळतं. कान मिळत नाही. खिडकीत कोंडीराम बसलाय, त्याला विचारा. जरा मोठ्यांदा विचारा.