चाकाखालचा कडबा

मित्रांनो, मधल्या सुट्टीत ज्याच्या डोक्यावर पाय देऊन तुम्ही पलीकडे उड्या मारता, तो मैदानातला काळा अर्धा गोल म्हणजे मी. मी एका जीपचा जुना टायर आहे. उमरीच्या या शाळेत मला अर्धा जमिनीत पुरून ठेवले आहे. वरच्या अंगाला ऊन-वारा लागतो, खालचे अंग कायमचे अंधारात. ना फिरता येते, ना कूस बदलता येते. खोडी काढली की गुरुजी तुम्हाला कोपऱ्यात उभे करतात ना, तसेच समजा. फक्त माझी शाळा कधी सुटत नाही.

खरे तर माझा जन्मच कैदेतला. कारखान्यात रबर, काजळी आणि दोऱ्यांचे थर एकावर एक चढवून मला तापलेल्या लोखंडी साच्यात कोंबले. जीव गुदमरला, पण बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर बोटभर खोल खाचा आणि जाडजूड ठोकळे उमटले होते. मी चिखलात चालणारा, म्हणजे चिखलाचा टायर झालो होतो. मग नांदेडच्या एका दुकानात इतर टायरांच्या उतरंडीखाली दबून पडलो. दुष्काळाचे दिवस होते. चिखलच नाही, तर चिखलाचा टायर कोण घेणार? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो माझ्याच नशिबी आला होता.

त्याच सुमारास लातूरचा वेगळा जिल्हा झाला होता. भाऊ वेगळे निघाले की धाकट्याच्या वाट्याला पिचकी भांडी येतात. तशी आरोग्य खात्याच्या एका नव्या कार्यालयाच्या वाट्याला एक जुनी जीप आली. चारही चाकांना ताकद पोचवणारी दणकट गाडी, पण टायर मात्र टकल्याच्या डोक्यासारखे गुळगुळीत. तिचा ड्रायव्हर निवृत्ती आणि भांडारपाल भीमाशंकर असे दोघे टायर घ्यायला नांदेडला आले.

निवृत्तीने मला उतरंडीखालून ओढून काढले. नख दाबून रबर ताजे आहे का ते पाहिले. खाचांत बोटे घातली. शेवटी माझ्या बाजूच्या रबरावर थापा मारत म्हणाला, "ह्योच घ्यावा, साहेब. बाभळीचा काटा अन् धारेचा दगड बाजूनंच घुसतोय. ह्याची कड जाड हाय."

भीमाशंकर कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अरे निवृत्ती, आभाळात ढग न्हाई, नदीला पाणी न्हाई, अन् तू चिखलाचे टायर पसंत करून राहिलास? डांबरी रस्त्यावर लई घोंघावतेत म्हणे हे."

"घोंघावू द्या की. काळ्या रानाचा काय भरवसा? वरून वाळलेलं असतंय, आतून ओलं. रुतल्यावर टायर बदलायला दुकानात यावं लागंल का?"

दुकानदार हसला आणि माझी सुटका झाली.

माझ्यासारखे चौघे त्या जीपला बसले. मी पुढचा डावा. मित्रांनो, काय ते दिवस! दगडगोट्यांची नदी असो की नांगरटीची ढेकळे, आम्ही हूं की चूं न करता पार. काटे माझ्या अंगावर मोडून पडत. डांबरी रस्त्यावर आम्ही असे गात सुटायचो की भीमाशंकर कानांत बोटे घालून बसायचा. निवृत्ती रोज सकाळी माझ्या खाचांत अडकलेले खडे काडीने काढायचा आणि "माझा वाघ" म्हणून थोपटायचा. कौतुकाने माणूस चढतो, मग टायर का चढू नये? मी जाईन तिथून निघेन, असे मला वाटू लागले. वाईट एवढेच की निवृत्तीलाही तसेच वाटू लागले होते.

एका उन्हाळ्यात दुपारच्या वेळी निरोप आला. शिरूर अनंतपाळच्या पलीकडे बोरवंडी नावाच्या गावात दूषित पाण्याने जुलाब-उलट्यांची साथ आली होती, आणि सगळ्यांत जास्त आजारी होती चांगुणा. चांगुणा म्हणजे निवृत्तीची धाकटी बहीण. तिला दवाखान्यात हलवल्याशिवाय तरणोपाय नव्हता, आणि बोरवंडीत दुसरी गाडी नव्हती. नर्स शिवकांताबाई सलाईनच्या बाटल्यांची पेटी घेऊन मागे बसल्या. निवृत्ती वाटेत कुठे पाणीसुद्धा प्यायला नाही.

बोरवंडीच्या अलीकडे मोठा तलाव आहे. भरलेला असताना रस्ता त्याला लांबून वळसा घालतो. त्या वर्षी तलाव पार आटला होता, आणि त्याच्या तळातून तलाव बांधण्याआधीची जुनी वाट वर निघाली होती. लहानपणी निवृत्ती याच वाटेने बोरवंडीच्या बाजाराला जायचा. कडेचे पार, मैलाचा दगड, सगळे जागच्या जागी दिसत होते. त्याने गाडी सरळ खाली उतरवली.

तलावाच्या ओलसर गाळात लोकांनी काकड्या, खरबुजे पेरली होती. त्याला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. ज्यांना स्वतःचे रान नाही, ते पाणी ओसरेल तसे मागे मागे पेरत जातात. तिथल्याच एका खोपीतून धुरपताबाई हात हलवत पुढे आल्या. खोपीच्या बांबूवर निळा झेंडा होता आणि खुंट्याला एक हाडकुळा बैल. नांगरटीला त्या तो दुसऱ्याच्या बैलाशी जोडायच्या.

"तिकडून जाऊ नको, लेकरा! त्या वाटेवर तलावानं गाळ आणून टाकलाय. ही कडेची गाडीवाट धर."

"मावशी, ही वाट माझ्या पायाखालची हाय. अन् टायर चिखलाचेच हायत!"

"वाट तुझी असंल, पण गाळ तुझा न्हाई," त्या म्हणाल्या. पण आम्ही पुढे गेलो होतो.

भेगाळलेली वरची साय थोडा वेळ तोलून राहिली. मग फटकन फुटली आणि मी खाली गेलो. निवृत्तीने जोर दिला. आम्ही चौघेही फिरलो, आणि मित्रांनो, इथेच माझा अभिमान मला नडला. माझ्या खोल खाचा कुदळीसारख्या गाळ उकरू लागल्या. जितका जोर, तितके खोल. नाकातोंडात गाळ गेला, खाचा बुजल्या, आणि जीपचे पोट जमिनीला टेकले. अति तिथे माती म्हणतात. मी तर मानेपर्यंत मातीत होतो. वरून निवृत्ती ओरडत होता, "चल माझ्या वाघा, चल!" त्याचा आवाज रडवेला झाला होता. मला चालायचे होते. किती चालायचे होते!

शिवकांताबाई पेटी डोक्यावर घेऊन खाली उतरल्या. "मी चालत पुढं जाते. सलाईन लावते. पण निवृत्ती, त्यानं नुसती वेळ भागंल. तिला न्यायला गाडीच पाहिजे, ध्यानात ठेव."

त्या गेल्या. निवृत्ती हातांनीच गाळ उपसू लागला. तेवढ्यात धुरपताबाई गाळपेरीवरच्या माणसांना घेऊन आल्या. मघाशी ऐकले नाही म्हणून एका शब्दाने बोलल्या नाहीत. फावड्यांनी आमच्या पुढचा गाळ काढला. निवृत्तीने आमची थोडी हवा सोडली, म्हणजे आम्ही पसरट होऊन जास्त जागा धरू. दगड टाकले, ते गाळाने गिळले. तुरीच्या काड्या घातल्या, त्या कडाकड मोडल्या. उन्हाचा तडाखा, आणि पलीकडच्या काठावर बोरवंडीची घरे डोळ्यांसमोर दिसत होती.

अशा गाळात एकच गोष्ट धरते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. ज्वारीचा कडबा. पण मागायचा कोणाकडे? त्या साली कडब्याची पेंढी मागणे म्हणजे माणसाच्या पुढचे ताट मागण्यासारखे होते.

धुरपताबाई उठल्या, खोपीमागे गेल्या आणि डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेऊन आल्या. मग पुन्हा गेल्या आणि उरलेल्याही घेऊन आल्या. बैल दाव्याला हिसडे देत त्यांच्याकडे बघत होता.

"मावशी, नगं," निवृत्ती म्हणाला. "बैल काय खाईल?"

"बैलाचं उद्या बघू. तुझी बहीण आज हाय," म्हणत त्यांनी स्वतः वाकून पहिली पेंढी माझ्या पुढ्यात सारली.

माझ्या खाचांनी कडबा धरला. कचकच आवाज करत तो माझ्याखाली पिळला गेला, आणि मी इंच-इंच वर आलो. माणसांनी मागून रेटा दिला. गाडी कडेच्या घट्ट वाटेला लागली. निवृत्तीला थांबायला सवड नव्हती, आणि थांबून चालणारही नव्हते. फिरता फिरता मला मागचे दिसत होते. धुरपताबाई त्या खड्ड्यात उतरून गाळातला कडबा ओढून काढत होत्या आणि गुडघ्यावर आपटून झाडत होत्या.

चांगुणाला मागच्या बाकावर निजवून, शिरूरला हवा भरून घेऊन आम्ही लातूर गाठले. ती वाचली. डॉक्टर बाहेर येऊन तसे म्हणाले, तेव्हा निवृत्ती दवाखान्याच्या आवारात माझ्याशेजारी मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग सवयीने माझ्या खाचांतून बोट फिरवू लागला. खडे नव्हते. कडब्याची चिपाडे होती. त्याने ती एकेक करून काढली आणि टॉवेलच्या टोकाला बांधून ठेवली.

साथीच्या धावपळीत त्याला आठवडाभर तिकडे जाता आले नाही. मग एक दिवस गाडीत कडब्याच्या पेंढ्या टाकून तो निघाला. टॉवेलची गाठही सोबत होती. या वेळी आम्ही गाडीवाटेनेच गेलो.

खोपीपुढे धुरपताबाई काकड्या निवडत होत्या. खुंट्याला दावे होते. बैल नव्हता.

"मावशी, बैल कुठाय?"

"चारा छावणी सुरू झाली म्हणून चालवत नेला. अर्ध्या वाटेत बसला, बाबा. उठलाच न्हाई." त्यांनी पदराने तोंड पुसले. "बहीण कशी हाय?"

"बरी हाय," निवृत्ती म्हणाला. टॉवेलची गाठ त्याच्या मुठीत तशीच राहिली.

धुरपताबाईंनीच ती सोडवली. मूठभर चिपाडे पाहिली आणि गाडीतल्या पेंढ्यांकडे नजर टाकली. "वाया कशाला घालवायचं? शेजारच्या म्हशीला घाल," म्हणाल्या, आणि निवृत्तीच्या हातात काकडी ठेवून पुन्हा निवडायला बसल्या.

पुढे मी झिजलो. लिलावात मुदखेडच्या भंगारवाल्याकडे गेलो आणि तिथून या मैदानात आलो. मित्रांनो, टायरची हवा बघा, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला गुरुजी सांगतीलच. माझे मागणे वेगळे आहे. तुम्हीही कधीतरी रुताल, आणि कोणीतरी आपल्या दावणीतले काढून तुमच्या पायाखाली घालेल. तेव्हा जायची घाई असेल, तर खुशाल जा. निवृत्तीलाही जावेच लागले. पण त्या माणसाकडे परत जायला आठवडा लावू नका.