थरथरणारा आरसा

गाडीच्या बाजूच्या आरशात मागची वाहने पुसट दिसू लागली, तेव्हा बाबांनी आपली नजर गेली असे मानले आणि किल्ली माझ्यापुढे ठेवली. उभ्या आयुष्यात ज्यांनी दुसऱ्याला गाडी चालवू दिली नव्हती, त्यांनी किल्ली अशी सोडून द्यावी, हे मला सोसवेना. ताईने मात्र किल्ली उचलली, बाबांना खाली नेऊन गाडीत बसवले, इंजिन सुरू करायला लावले आणि आरशाच्या काचेवर बोट दाबून धरले.

"आता बघा."

"अगं, स्वच्छ दिसतंय की!"

"मग डोळ्यांना कशाला बोल लावता? थरथरतोय तो आरसा!"

तिने काच अलगद सोडवली. काच धरून ठेवणारा मागचा प्लॅस्टिकचा एक आकडा मोडला होता. तिथे तिने दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड पट्टी बेताने कापून लावली आणि काच पुन्हा बसवली. नवा आरसाच घ्यावा, असा वाद घालण्यास मी सरसावलो होतो. परंतु तिच्या हातांतील सफाई पाहून माझे मुद्दे आपोआप गळाले.

इंजिन धडधडत होते, आरसा निश्चल होता. मी पुढचे दार उघडले.

"तू मागे बस रे," बाबा म्हणाले, "माझ्या शेजारी ताई बसेल."