चटयांच्या खोलीतला आवाज

पिठाच्या डब्याचं झाकण टणकन जमिनीवर पडलं, तेव्हा कुठे मिलेम्बेच्या ध्यानात आलं की सकाळपासून घरात कुणी बोललेलंच नाही. पाठीला बांधलेला तान्हा मासान्जा दचकून जागा झाला. मिंझा शाळेत जायच्या आधी उंबऱ्यावर कांदा सोलत होती. तिनं नुसती मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

झाकण उचलायला मिलेम्बे वाकली, तर डब्यामागे पुस्तक. पातळसं, चित्रांचं, वर छत्री घेतलेली शेळी. चौथीची परीक्षा तोंडावर आलेली आणि हे काय, कुणाचं, असं तिनं विचारलं.

“शाळेतल्या होलोबाईंचं,” मिंझा म्हणाली.

पोरीकडून हल्ली एवढंच निघायचं. बाप गेइताच्या खाणीवर गेला आणि तिकडेच दुसरं बिऱ्हाड थाटून बसला, त्याला बरेच महिने झाले होते. त्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं मिलेम्बेनं एकदा रागात बजावलं होतं. मिंझानं बापाचं नाव तर टाकलंच, पण त्याच्याबरोबर बाकीचंही बोलणं टाकलं. नऊ वर्षांची पोर, विचारलं तर मान हलवायची. शाळेत तर तेवढंही नाही.

दुपारी सरोवराच्या काठावर बारीक मासळी जाळ्यांवर पसरताना मिलेम्बेनं पुस्तकाची गोष्ट लुहेंडेच्या आईला सांगितली. लुहेंडेची आई शेजारच्या खडकाआडच्या घरातली, तोंडानं फटकळ.

“तुला माहीत नाही होय गं, मिंझाच्या आई?” हातातली मासळी झटकत ती म्हणाली. “चटयांची खोली केलीय होलोबाईनं शाळेत. डोक्यानं हललेली पोरं बसवतात म्हणे तिथे. अभ्यास नाही, काही नाही. गोष्टी वाचा आणि लोळा. तुझी रोज असते. आमचा लुहेंडे सांगत होता.”

बाजूच्या दोघी खाली मान घालून हसल्या. मिलेम्बेचे कान तापले. नवरा गेला ते सगळ्या वस्तीनं पाहिलंच होतं. आता पोरगी वेडी ठरली. ती मासळी तशीच टाकून उठली.

शाळेच्या मागच्या भिंतीशी आली आणि थबकली. खिडकीतून वाचण्याचा आवाज येत होता. कुणीतरी शेळीचा किनरा आवाज काढत होतं, मग म्हातारीचा खरखरीत, मग पुन्हा शेळीचा, आणि आत बारकी पोरं खिदळत होती. पाठीवरचा मासान्जाही चुळबुळायचा थांबला. मिलेम्बे ऐकत राहिली. आपण हसतोय हे तिला उशिरा कळलं. कुणाची असेल ही, असं तिच्या मनात आलं. हिच्या आईला घास गोड लागत असेल.

मग आपली पोरगी आठवली, काठावरच्या त्या दोघींचं हसणं आठवलं, आणि ती दाराकडे वळली.

कुणाच्या दारात बाहेरून हाक द्यायची, आतून ‘या’ म्हटल्यावर पाऊल टाकायचं, वडीलधाऱ्याला आधी ‘शिकामू’ म्हणायचं, हे इथे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. मिलेम्बेनं यातलं काही केलं नाही. ओरडतच आत शिरली. कपाटापलीकडे पडदा होता, तो सरकवून चिखलाच्या चपलांनिशी सरळ चटईवर गेली. आवाज कधीच थांबला होता. तशाच शेळीचं दुसरं पुस्तक बारक्या पोरांच्या हातात होतं. प्रत्येक पान वाचून झालं की चित्र बघायला ते हातोहात फिरायचं. मिंझा भिंतीला टेकून, रिकाम्या हातांनी बसली होती.

माझी पोरगी वेडी नाही, तिला इथे बसवायचं नाही, असं मिलेम्बे होलोबाईंना म्हणाली. बाई तिच्या आईच्या वयाच्या. त्या स्टुलावरून उठल्या. मग तिनं मिंझाचा दंड धरला.

“मी बाहेरून ऐकलं सगळं. कुणाची तरी पोर बघ कशी घडाघडा वाचत होती. तिच्याकडून शीक काहीतरी. आणि तू? दगडासारखी बसलीयस.”

मग पुस्तक धरलेली एक चिमुरडी मिंझाकडे बोट करून, समजूत घातल्यासारखी म्हणाली, “अहो, हीच तर वाचत होती.”

मिलेम्बेचा हात आपोआप सुटला. चटईवर तिच्या चपलांचे ठसे उमटले होते. ते तिला दिसत राहिले.

त्यानंतर मिंझा घरात मानसुद्धा हलवेना. मक्याच्या पिठाची उगाली ताटात तशीच गार व्हायची. शाळा सुटली की ती चटयांच्या खोलीत न थांबता सरळ घरी यायची, कोपऱ्यात बसायची. मिलेम्बे मासान्जाला पाजताना, भांडी घासताना तो शेळीचा आवाज आठवायचा प्रयत्न करायची. तो तिला हुबेहूब आठवायचा, आणि तेच तिला सोसवत नसे.

शेवटी एक दिवस डब्यामागचं पुस्तक ओढणीत गुंडाळून ती शाळेत गेली. बाहेरून हाक दिली. आतून ‘या’ आलं. चपला बाहेर काढल्या, गुडघा जरा वाकवला, “शिकामू” म्हणाली. उत्तर मिळालं नाही तरी चालेल, असं ठरवूनच आली होती.

“माराहाबा,” होलोबाईंनी नमस्कार स्वीकारला. “ये, बस. बाळाला सोड खाली, चटई त्याचीही आहे.”

माफी मागायचं मिलेम्बेनं घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. तिनं विचारलं, मिंझा कधीपासून वाचते?

बाई म्हणाल्या, बरेच दिवस नुसतीच पुस्तक धरून बसायची, कधी उलटंसुद्धा. इथे कुणी कुणाला काय वाचलंस, काय समजलं, का रडतोस, विचारत नाही. मग एकदा एका बारकीला चित्रातली म्हातारी काय बोलते ते हवं होतं, तेव्हा हिनं सांगितलं. त्यानंतर रोज.

“ते पुस्तक घेऊन जा परत,” बाई म्हणाल्या. “डब्यामागेच ठेव. तिला यायचं असेल तर येईल. तू हात धरून आणू नकोस.”

मिलेम्बेनं ते डब्यामागे ठेवलं. तिसऱ्या की चौथ्या सकाळी ते तिथे नव्हतं. तिनं डब्याचं झाकण हळूच लावलं.

त्या संध्याकाळी उन्हं कलल्यावर ती काठावर मासळी गोळा करत होती. शाळेतून मिंझा आली. दप्तर खडकावर ठेवून आईच्या शेजारी उकिडवी बसली आणि जाळं झटकू लागली. पुस्तकावरच्या छत्रीवाल्या शेळीचा कान दप्तरातून डोकावत होता. लुहेंडेची आई पलीकडून बघत होती. मिलेम्बेनं तिच्याकडे पाठ केली.

“आई,” मिंझा म्हणाली. आवाज बसका होता, बरेच दिवस न वापरलेला. “तू बाहेर उभी राहून सगळं ऐकलंस ना?”

मिलेम्बेनं मान हलवली.

“मग तो आवाज माझा आहे, हे तुला कसं कळलं नाही?”