मास्तरांची कवळी

समुपदेशनाच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, ‘इथून तुम्हाला काय हवं आहे?’ कारागिराने क्षणभरही विचार न करता लिहिलं, ‘मास्तरांचे हाल.’

तो कवळ्या बनवायचा. डॉक्टर तोंडाचं माप पाठवत, हा त्यावर खोटे दात बसवून देई. जगाचे दात घडवणारा हा गृहस्थ स्वतः मात्र झोपेत इतके करकरा दात खायचा, की एका दाढेला तडा गेला. “अहो, तुम्ही डोक्याच्या डॉक्टरकडे जाताय की मी माहेरी जाऊ?” असं बायकोने विचारलं, म्हणून स्वारी इथवर आली. नाहीतर परक्या बाईपुढे रडगाणं गायला त्याला काय वेड लागलं होतं?

समोर बसलेल्या बाई मुळीच घाईत नव्हत्या. आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटं, त्यांनी सांगितलं. सल्ला मिळेलच असं नाही. बोलावंसं वाटलं नाही तर गप्प बसलं तरी चालेल.

“इथलं बोलणं बाहेर जात नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच मला सांगावं लागतं.”

“आणि हिरडीला असेल तर?”

बाई हसल्या नाहीत. “कुणाच्या हिरडीला?”

झालं, बांध फुटला. बारा वर्षं तो मास्तरांच्या हाताखाली कवळ्या करत राबला होता. एक दिवस मास्तरांनी स्वतः केलेली कवळी गिऱ्हाइकाच्या तोंडात मोडली, आणि त्यांनी ती सगळ्यांसमोर याच्या अंगावर भिरकावली. “याच्या हाताला वळणच नाही,” म्हणाले, आणि त्याच दिवशी घालवून दिलं. याने तोंडातून ब्र काढला नाही. नऊ वर्षं ते वाक्य त्याच्या उरावर बसलं होतं. आणि गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडून एक माप आलं, चिठ्ठीवर मास्तरांचं नाव! म्हाताऱ्याचे हात आता थरथरत होते, स्वतःची कवळी स्वतः करणं जमत नव्हतं. ती कोण करतंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“आतल्या बाजूला तिळाएवढा उंचवटा ठेवलाय,” कारागीर मिटक्या मारत म्हणाला. “पहिल्या दिवशी कळणारही नाही. चौथ्या दिवसापासून घासागणिक डोळ्यांत पाणी येईल. उद्या पाठवतोय.”

“आणि दुखलं की ते काय म्हणतील?”

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. म्हातारा कवळी काढणार, आतून बोट फिरवणार. चाळीस वर्षं मुरलेलं बोट ते, त्याला तीळ लगेच सापडणार. आणि मग म्हातारा काय म्हणणार, ते त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं, त्याच नाकातल्या आवाजात.

त्याला बाईंचा भयंकर राग आला. इतक्या कष्टाने शिजवलेल्या सुडात या बाईने एका प्रश्नाने माती कालवली होती. उरलेली वीस मिनिटं तो गुरगुरत बसला आणि निरोप न घेताच निघाला.

पण दुसऱ्या दिवशी त्याने कवळी पाठवली नाही. तीळ घासून टाकला. तीन दिवस दुसऱ्या कुठल्याच कामाला हात लावला नाही, अशी कवळी त्याने जन्मात केली नव्हती. वृद्धाश्रमातल्या कवळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आतल्या बाजूला नावाची चिठ्ठी घालून वर पारदर्शक थर देतात. इथे तशी कुणी मागितली नव्हती. तरी त्याने घातली, फक्त नाव स्वतःचं, दुकानासकट.

पुढच्या खेपेला तो वेळेआधीच येऊन बसला होता.

“डॉक्टरांचा फोन आला होता,” तो म्हणाला. “मास्तर त्यांना म्हणाले, असा हात आजवर पाहिला नाही, कारागीर कोण? डॉक्टर म्हणाले, काढून आत बघा.”

“बघितलं?”

“चष्मा लावून बघितलं. दोनदा वाचलं.”

“मग?”

“मग काय करतात? परत तोंडात घातली. जेवायचं होतं.”