बादलीत उरलेला चुना

“आधी दगड भिजव, मग चुना लाव. कोरड्या दगडावर चुना धरत नाही. आणि माझ्यामागे, फुलांच्या रविवारी आपल्या माणसाला फुलांवाचून ठेवू नकोस.”

लोवरीने आपल्या लेकीला, टेगवेनला, हे माझ्यावर वाकूनच सांगितले होते. टेगवेन तेव्हा दोन वेण्या घालणारी मुलगी होती. “नाही ठेवणार, आई,” असा शब्द तिने दिला. आता तिचेच केस पांढरे झाले आहेत. पण चुन्यात ब्रश बुडवताना ती अजून आईचे ते बोल पुटपुटते, म्हणून मलाही ते पाठ झाले.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. माणसाएवढा लांब, वीतभर जाड, रंगाने करडा. वेल्सच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीत एक अर्धे पाडलेले चर्च आहे. तेच माझे घर. पूर्वेकडचा लहानसा गाभारा तेवढा छपरासकट उभा आहे. लोक बसत तो लांब मंडप गेला. तिथे आता गवत आहे आणि मेंढ्या आहेत.

माझा जन्म नदीकाठच्या खडकातला. पाथरवटाने मला तासले, घासले आणि चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक असे पाच क्रूस माझ्या माथ्यावर कोरले. मग बिशप घोड्यावरून आले. त्यांनी प्रत्येक क्रूसावर तेलाचे बोट फिरवले आणि दगडाची वेदी झाली. गाभाऱ्यात मला उंचावर बसवले. माझ्यावर मेणबत्त्या जळत, भाकर आणि द्राक्षरस ठेवला जाई. भक्त माझ्याकडे बघताना डोळे खाली करत. दगडाला याहून अधिक काय हवे?

पण मान फार काळ एका जागी राहत नाही. दूर लंडनला राजा बदलला, धर्माची रीत बदलली. दगडी वेद्या फोडा, लाकडी टेबले मांडा, असा हुकूम डोंगर चढून आमच्यापर्यंत आला. फोडायचे काम ह्यू गवंड्याकडे आले. तो घण घेऊन आला, माझ्याकडे बघत राहिला आणि घण खाली ठेवून बसला.

“अरे, बसलास काय? घाल घाव,” चर्चचे कारभारी म्हणाले.

“यावर घाव घातला तर माझी आई मला जेवायला वाढणार नाही.”

“आणि नाही घातलास तर मला वरून बोलणी बसतील, त्याचं काय?”

“पालथा घालतो. मंडपात फरशी खचलीच आहे. कुणी विचारलं तर म्हणा, फरशी आहे. पायाखालचं कोण बघतं?”

ह्यूचे खरे होते. पायाखालचे कुणी बघत नाही. माझे पाचही क्रूस मातीकडे तोंड करून पडले आणि पाठ लोकांच्या पायांखाली आली. ज्याला डोक्यावर घेतले त्यालाच पायाखाली घातले, असे कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. पाठीवरून चालणारी पावले हळूहळू ओळखीची झाली. नव्या नवरीची पावले हलकी असत. शवपेटी उचलून आणणाऱ्यांची जड, पण फार जपून टाकलेली.

असा काळ गेला. गाव हळूहळू खाली रस्त्याकडे सरकले आणि तिथे नवे चर्च बांधायचे ठरले. दगड कुठून आणायचे? आमच्या मंडपातून. छप्पर उतरले, भिंती उतरल्या. काही दगड नव्या चर्चला लागले, काही वाटेतल्या शेतकऱ्यांनी लांबवले. एकाच्या डुकरांचा गोठा अजूनही आमच्या खिडकीच्या कमानीने शोभतो. मला उचलताना बैलगाडीचा आस मोडला. तेव्हा मजुरांनी मला चार शिव्या दिल्या आणि मी आहे तिथेच राहिलो.

उन्हापावसात एकटा पडलो. शेवाळ चढले. मेंढ्या माझ्यावर बसून रवंथ करत.

आता या भागातली एक रीत सांगते ते ऐका, असे आजीने म्हणावे तसे मी सांगतो. ईस्टरच्या आधीचा रविवार हा इथे फुलांचा रविवार. त्याच्या आदल्या दिवशी बायका बादल्या घेऊन येतात, घरच्यांची थडगी घासतात, त्यांना चुना लावतात आणि फुले वाहतात. आणखी एक नेम आहे. बादलीत उरलेला चुना घरी न्यायचा नाही. ज्या दगडाला कुणी नाही, त्याला तो लावायचा.

गावातल्या मार्गेडच्या बादलीत एकदा असाच चुना उरला होता. तिचा नवरा इव्हान गुरे हाकण्याचा धंदा करी. गुरांच्या खुरांना नाल ठोकून, शेकडो कोस चालवत, तो ती इंग्लंडच्या बाजाराला नेई. एका वर्षी त्याची कुत्री तेवढी घरी परतली. पुढे निरोप आला, इव्हान वाटेत तापाने गेला. कुठल्याशा गावात लोकांनी त्याला पुरले. गावाचे नाव निरोप्याला सांगता आले नाही. मार्गेडला फुले वाहायला जागाच उरली नाही. तिने सासूसासऱ्यांची थडगी रंगवली आणि उरलेला चुना घेऊन ती माझ्यापाशी आली. मी कुणाचाच नव्हतो. मला रंगवता रंगवता ती हळूच म्हणाली, “इव्हान.”

तिची पोरे लहान होती. आई जिथे रडते तिथे बाप असणार, असे ती समजली. मार्गेडनेही त्यांची समजूत मोडली नाही. पुढच्या वर्षी फुले मोठ्या पोराने आणली. मग त्याच्या मुलीने, लोवरीने. मग टेगवेनने. अशा रीतीने, मित्रांनो, एक वेदी पणजोबा झाली.

गेल्या उन्हाळ्यात पुरातत्त्व विभागाकडून हेलेद आली. तरुण, पण बोलायला मऊ. तिच्या माणसांनी दोऱ्या ताणून मंडपाचा पाया शोधायला सुरुवात केली. खणत खणत ती माझ्यापाशी पोचली, तर टेगवेन चहाचा थर्मास मांडीवर घेऊन माझ्यावर बसलेली.

“टेगवेनमावशी, हा दगड उचलावा लागेल.”

“दगड नाही, माझा पणजोबा आहे. आधी मला उचल.”

“हाडं दिसली की मी तिथेच थांबेन. माती लोटून दगड होता तसा ठेवेन. माझा शब्द.”

टेगवेनने थर्मासचे झाकण लावले आणि ती उठली. तिचा चुलतभाऊ दिल्विन भिंतीला टेकून मजा बघत होता. “पणजोबा उठून बसले तर चहा दे गं त्यांना. बिनसाखरेचा देऊ नकोस, परत झोपतील.”

“तुझ्या तोंडाला कुणीतरी चुना लावायला हवा,” टेगवेन म्हणाली.

मला दोरखंडांनी उचलून उलटे केले. शेकडो वर्षांनी माझ्या तोंडावर ऊन पडले. खाली गवंड्याचा गारा होता आणि त्याखाली कुणीही न उकरलेली माती. हाडे नव्हती. हेलेदने मऊ ब्रशने माझा माथा झाडला, तसा एक क्रूस दिसला, मग दुसरा. पाचवा दिसला तेव्हा तिने हातातला ब्रश खाली ठेवला. “वेदी आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे आपल्या खानदानाने आजवर टेबलाला फुलं वाहिली!” दिल्विन हसला. खड्ड्यातली माणसेही हसली.

टेगवेन हसली नाही. ती रिकाम्या मातीकडे बघत होती. “आई म्हणायची, गुरं घेऊन गेला. परत आला, असं कधीच म्हणाली नाही,” ती स्वतःशीच बोलली. मग हेलेदला म्हणाली, “मग तो कुठे आहे? मी आईला शब्द दिलाय.”

हेलेदला जमिनीतले पुष्कळ कळते. या प्रश्नावर मात्र तिने थर्मासमधला चहा ओतून टेगवेनच्या हाती दिला.

आता मी गाभाऱ्यात आहे, ओकच्या खांबांवर, तोंड वर करून. लोक येतात, फोटो काढतात, क्रूसांवरून बोट फिरवतात. “मावशी, आता याला चुना नाही लावता येणार. क्रूस बुजतील,” हेलेदने जड मनाने सांगितले होते. “कळतं गं मला,” टेगवेन म्हणाली होती.

मित्रांनो, मला मान द्या, असे मी म्हणणार नाही. मानही पाहिला, चिखलही पाहिला. एवढेच सांगतो: पडक्या जागी एखादा दगड पालथा दिसला, तर त्याला कुणी नाही असे समजून पुढे जाऊ नका. कुणीतरी त्याला फोडायचे टाळले असेल. कुणीतरी त्याच्यावर आपले माणूस शोधले असेल.

आज फुलांच्या रविवारचा आदला दिवस. सकाळपासून बायका थडगी घासत आहेत. टेगवेनही आली, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला काळा रुमाल डोक्याला बांधून. हातात चुन्याची भरलेली बादली आणि कमरेला ब्रश.

“बादली कशाला आणलीस?” बाहेरून दिल्विनचा आवाज आला. “तुझं थडगं तर आत नेऊन ठेवलं.”

ती थेट गाभाऱ्यात आली, फुलांची परडी माझ्याशेजारी टेकवली आणि मधल्या क्रूसावर तळवा ठेवला.

“तिकडे तो कुणाच्या तरी कुंपणाशी पडला असेल,” ती अगदी हळू म्हणाली. “तिथल्या एखाद्या बाईच्या बादलीत चुना उरत असेल का रे?”

तिची नजर दारातून बाहेर, कुंपणाकडे गेली.

इथल्या कुंपणाशीही एक दगड आहे. कापणीला म्हणून आयर्लंडहून आलेला कुणी मजूर त्याखाली आहे. नाव कुणाला ठाऊक नाही. उरलेला चुना तिथवर सहसा पुरत नाही, म्हणून तो दगड हिरवा पडला आहे.

टेगवेनने परडी दंडाला अडकवली. एका हातात चुन्याची बादली घेतली. दाराजवळच्या पिंपाशी पडलेली दुसरी बादली पाण्याने भरून घेतली, कारण आधी दगड भिजवावा लागतो. मग ओल्या गवतातून ती कुंपणाकडे निघाली.