जिन्यातल्या पेटीचं भूत

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या धाकट्या जावेच्या घरात तरंगबाबा डोळे मिटून उभा होता. त्याने इंटरनेटच्या खोक्यावर तांब्याचं कडं ठेवलं, "अडलेल्या आत्म्या, वाट सोड!" असं तीनदा बजावलं, आणि फोनच्या पडद्यावर दगड होऊन बसलेली माझी पुतणी पापण्या हलवून हसली.

"हलली गं, हलली!" सगळा जिना ओरडला.

माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

दोन महिने आमच्या इमारतीत माणसं थिजत होती. व्हिडिओ कॉल लावला की दोन मिनिटांत समोरचा चेहरा गोठायचा. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. खाली जिन्यात इंटरनेटच्या तारांची पेटी आहे. तिच्याखालच्या स्टुलावर म्हातारा वॉचमन बसल्या बसल्या गेला, त्याच आठवड्यात हे सुरू झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. "तोच अडवतो," लोक म्हणू लागले. भरदुपारीही बायका पेटीसमोरून मान खाली घालून जायच्या.

इतरांचं बरं होतं. थिजलं की ते साधा फोन लावायचे. माझी जाऊ जन्मापासून बहिरी, लिहा-वाचायला कुणी शिकवलं नाही. परदेशातल्या लेकीशी ती हातांनी बोलते. लेकीचे दिवस भरत आलेले, पहिलीच खेप. एका दुपारी लेकीने दोन्ही हात छातीशी नेले आणि ते तिथेच अडकले. अर्धा शब्द. जाऊ तासभर त्या हातांकडे बघत बसली. तिचा नवरा गेला तेव्हाही तिला आधी हातच थांबलेले दिसले होते. दुसऱ्या दिवशी तिने पैसे मोजून बाबाला बोलावलं. मी कोणत्या तोंडाने नको म्हणणार?

मी शिवणकाम करते. शाळा सातवीत सुटली, बाकीचं मशीनने शिकवलं. दोरा तुटायला लागला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी सुई, मग दोरा, मग ताण. सगळं एकदम बदललं तर चोर सापडत नाही.

गर्दी पांगल्यावर मी कडं उचललं. पुतणी हलतच राहिली. ते कडं समोरच्या माझ्या घरात, माझ्या खोक्यावर ठेवलं आणि माझ्या फोनवरून तिला कॉल लावला. दोन मिनिटांत दगड.

म्हणजे कडं नव्हे. मग बाबाने आणखी काय केलं होतं? आठवलं. आधी खोकं उपडं करून त्यावरचा नंबर टिपला होता. "यंत्राचा जन्मांक लागतो, माई." ती चिठ्ठी सोबत आलेल्या इंटरनेट कंपनीच्या वायरमनला देऊन त्याला खाली पिटाळलं होतं, पेटीवर पाणी शिंपडायला. तारांच्या पेटीवर पाणी! तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

तळमजल्यावरच्या टेलिफोनआजींकडे गेले. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई.

"कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून कॉल करून बघितलास?"

"पुतणीकडे ते चालत नाही. त्यावरून इथल्या इथे केला तर लख्ख दिसतं."

"म्हणजे भूत कंपनीच्या पगारावर आहे," आजी म्हणाल्या. "तारेतून कुठल्या अ‍ॅपचं पाकीट चाललंय ते कंपनी बघते, आणि दुसऱ्याचं दिसलं की दाबून धरते. आमच्याकडेही तातडीचे कॉल आधी लागायचे गं, पण सगळ्यांना सांगून. चोरून कुणाचा गळा नाही आवळला." त्यांनी माझ्या फोनवर व्हीपीएन नावाचं अ‍ॅप घातलं. "हे पाकिटावर दुसरं पाकीट चढवतं. आत काय आहे ते त्यांना कळत नाही."

दुसऱ्या दिवशी बाबाला जिन्यातच गाठलं. वायरमन पाठीशी होताच, आणि बघायला अख्खी इमारत.

"बाबा, माझ्या खोक्यावर कडं नाही, मी जन्मांकही दिलेला नाही. तुमच्या आत्म्याला म्हणावं, अडव."

व्हीपीएन चालू करून पुतणीला कॉल लावला. दहा मिनिटं ती निवांत केस विंचरत होती. व्हीपीएन बंद केलं. थिजली. चालू केलं. हलली.

"आत्मा दमला असेल," बाबा पुटपुटला.

"ज्याला बंद पाकीट अडवता येत नाही, ते भूत पत्ता वाचून अडवतं," आजी खालून म्हणाल्या. "आमच्या वॉचमनला वाचता येत नव्हतं. त्याच्या घरची पत्रं मी वाचून दाखवायचे."

सगळ्यांनी वायरमनकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? वरून यादी येते, या या अ‍ॅपचा वेग दाबा. बाबांची चिठ्ठी आली की तेवढा नंबर मी मोकळा करतो. पटत नसेल तर दुसरी कंपनी घ्या ना!"

दुसरी कंपनी नव्हतीच. भिंतींना आणखी भोकं नकोत म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीच अख्खी इमारत एका कंपनीला लिहून दिली होती. त्या कागदावर तिसरी सही माझी.

मेलेल्या माणसाला आम्ही उगाच बदनाम केलं. आता दुसऱ्या तारेसाठी अर्ज फिरतोय, आणि पाकिटांत भेदभाव नको अशी तक्रारही गेली आहे. तुमच्या घरी कुणी थिजलं तर बाबा शोधू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, आणि तार कुणाच्या मुठीत आहे ते विचारा. वाट एकच असली की वाटेवर कडं विकणारा उगवतोच.

बाबाला गाठलं त्याच संध्याकाळी, मोकळा केलेला नंबर पुन्हा दाबला तर काय म्हणून, जावेच्या फोनवरही व्हीपीएन घातलं आणि दार लावून घेतलं. जिनाभर परक्या डोळ्यांपुढे लेक मनातलं बोलली नव्हती. आता जावेने खुणेने विचारलं, हात अडकले त्या दिवशी काय सांगत होतीस?

लेकीने दोन्ही हात छातीशी नेले. या वेळी ते अडकले नाहीत, पुढे आले.

"भीती वाटते, आई. बघत राहा."

जावेने दोन बोटं आपल्या डोळ्यांपाशी नेली आणि लेकीकडे वळवली. आणि तशीच धरून ठेवली.