कॅप्टन बोलतोय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या गुडघ्याने राजीनामा दिला, तेव्हा कंपनीने मोठ्या मनाने त्यांना खुर्ची देऊ केली. खुर्ची कंट्रोल रूममध्ये होती. अडकलेल्या लिफ्टमधून कोणी बटण दाबलं की तिथला फोन वाजायचा, आणि दुरुस्तीवाले पोहोचेपर्यंत आतल्या माणसांना बोलण्यात गुंतवायचं, एवढंच काम. मिस्त्री बोलताना अडखळत, एवढीच अडचण. सगळ्यात जास्त अडखळत ते स्वतःच्या नावावर. कोणी नाव विचारलं की खिशातून ओळखपत्र काढून दाखवत. फोनवर ही सोय नव्हती.

सोमवारी साहेब शेजारी बसून परीक्षा घेणार होते. जमलं तर खुर्ची, नाहीतर घर.

घरी त्यांच्या बोलण्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. त्यांची वाक्यं बायको पुरी करायची, तीही त्यांनी सुरू करायच्या आत. जेवताना मिस्त्रींनी मिठाच्या बरणीकडे नुसतं बघितलं की ताटात मीठ पडे. मायाच ती.

संध्याकाळी मात्र मुलीच्या कॉम्प्युटरवर, कानाला हेडफोन लावून, ते एका खेळात शिरत. तिथे त्यांचं जहाज होतं, दाढी होती आणि एक डोळा नव्हता. कधीही न भेटलेली सात-आठ माणसं त्यांच्या हुकमात होती. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते आणि एक आजी. "शिडं सोडा, डावीकडे घ्या, आजी, तोफ राहू द्या, आधी इकडे या," हे मिस्त्री एका दमात म्हणत.

"त्या टोळक्याशी घडाघडा बोलता," बायको दारातून म्हणे, "आणि माझ्या मावशीचा फोन आला की बाथरूम गाठता."

मुलीने सुरुवातीलाच त्यांना आवाज जाड करायची सोय लावून दिली होती. मिस्त्रींची सगळी भिस्त तिच्यावर. रविवारी त्यांनी विचारलं, "ती स-सोय ऑफिसच्या फोनला ब-बसेल?"

"बाबा, ती केव्हाच बंद पडली. सांगायचं राहूनच गेलं."

मिस्त्री हेडफोनकडे बघत राहिले. "मग तिथे बो-बोलतं कोण?"

"तुम्हीच. दाढी लावून."

सोमवारी पहिला फोन आला. ठरवून दिलेलं वाक्य असं: 'नमस्कार, मी अमुक, आपल्याला काय मदत करू?' मिस्त्री 'मी'च्या पुढे सरकेनात. तेवढ्यात ती लिफ्ट आपणहून चालू झाली आणि आतला माणूस वैतागून निघून गेला. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. थोडंच लिहिलं, म्हणजे वाईट.

दुसऱ्या फोनवर बाईचा आवाज होता. "आम्ही तिघं आहोत. हे काका दार फाकवतायत, त्यांना आवरा आधी." मागे धडधड चालली होती.

'नमस्कार' पहिल्याच अक्षराला अडकला. धडधड वाढली. मग मिस्त्रींनी पाठ ताठ केली आणि, साहेबांनी नंतर शपथेवर सांगितलं, एक डोळा मिटला.

"सगळ्यांनी ऐका. कॅप्टन बोलतोय. काका, दारावरचा हात काढा, तुम्ही पहाऱ्यावर. जरा हालचाल झाली की थेट मला कळवायचं. ताई, पिशव्या कोपऱ्यात ठेवा आणि खाली बसा. तिसरं कोण?"

"मी. अर्थशास्त्राचा प्राध्यापक."

"मग तुम्ही काहीच करू नका. आमची माणसं निघाली आहेत. जहाज बुडत नाहीये."

धडधड थांबली. "अजून हालचाल नाही," काकांनी पहाऱ्यावरून कळवलं.

"जहाज कुठून आलं?" साहेब कुजबुजले. मिस्त्रींनी त्यांना हाताने गप्प केलं. असं याआधी कोणी केलं नव्हतं, त्यामुळे साहेब गप्प झाले.

थोड्या वेळाने बाई म्हणाली, "कॅप्टन, तुमचं नाव काय हो? कंपनीला दोन चांगले शब्द कळवीन म्हणते."

कॅप्टनवर भागवता आलं असतं. साहेबांनीही मानेने तेच सुचवलं. पण मिस्त्रींनी मिटलेला डोळा उघडला. पहिलं अक्षर तीनदा आलं, मग घशात जाऊन बसलं, मग पुन्हा आलं.

बाई थांबली. लिफ्टमध्येच होती, जाणार कुठे? पण तेवढ्यासाठी थांबली नसावी. कारण मध्येच काका "हललो, हललो" म्हणाले, दार उघडलं, प्राध्यापक सगळ्यांच्या आधी बाहेर पडले, तरी ती स्पीकरपाशी उभीच होती. नाव पूर्ण आलं तेव्हा "छान आहे की," म्हणाली आणि पिशव्या उचलून गेली.

साहेबांनी कागद पालथा घातला. "वाक्य बदलू आपण," ते म्हणाले. "नाव शेवटी घेऊ. हवा तेवढा वेळ."

रात्री जेवताना बायकोने सवयीने बरणी उचलली. मिस्त्रींनी कॅप्टनसारखा हात वर केला आणि वाक्य सुरू केलं. ते लांबलं. बायकोचे ओठ हलले, पण ती थांबली. भाजी निवत गेली.

"म-मला वरून मीठ क-कधीच नको असतं."

बायकोने बरणी खाली ठेवली. "मग इतकी वर्षं सांगायचं नाही का?"

"तेच सां-सांगत होतो," मिस्त्री म्हणाले.